एमए इंग्लिश ते पीएचडी: टक्क्यांच्या पलीकडे काय लागतं?

निकाल लागले की इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाचा फोन वाजायला लागतो. गिरगावातल्या मावशी असोत की कल्याणचा शाळूसोबती, पहिला प्रश्न ठरलेला: "एमए इंग्लिशला किती टक्के लागतात?" आणि पाठोपाठ, जरा आवाज खाली आणून, "त्याने बोलणं सुधारेल ना?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. फाडफाड इंग्रजी बोलता यावं म्हणून चारशे वर्षांपूर्वीची नाटकं वाचायची काही गरज नाही. एमए इंग्लिश हा इंग्रजीत लिहिलेल्या साहित्याचा अभ्यास आहे आणि भाषा येते असं गृहीत धरूनच तो सुरू होतो. बोलणं सुधारलंच तर ती वरकमाई.

पहिला प्रश्न रास्त आहे, पण तो फक्त आत शिरण्याचा आहे. आत गेल्यावर काय करून दाखवावं लागतं हे विचारणारा क्वचित भेटतो, आणि मुलं अडकतात ती तिथेच. माझ्या पाहण्यात प्रवेश हुकलेली मुलं थोडी. शेवटच्या वर्षाचा शोधप्रकल्प लिहिताना हातपाय गाळलेली पुष्कळ. म्हणून इथे प्रवेशाचं थोडक्यात आणि पुढचं सविस्तर सांगतो.

मुंबईत राहून इंग्रजी साहित्यात एमए करायला बरेच रस्ते आहेत. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याचा इंग्रजी विभाग कलिन्याच्या विद्यानगरीत आहे. कवी निसीम इझिकेल या विद्यापीठात इंग्रजी शिकवत. याशिवाय संलग्न कॉलेजांपैकी काहींत पदव्युत्तर वर्ग चालतात. मुलींसाठी चर्चगेटला एसएनडीटी आहे, महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेलं. नोकरी सांभाळून शिकायचं तर मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे. त्याचं नाव आता सीडीओई झालं, पण सगळे अजून 'आयडॉल'च म्हणतात. शिवाय इग्नू हे मुक्त विद्यापीठ आहेच. इग्नूच्या एमए इंग्लिशला कुठल्याही शाखेची पदवी चालते आणि दोन वर्षांचा अभ्यास चार वर्षांपर्यंत लांबवता येतो. बीकॉम करून बँकेत चिकटलेल्या, पण जीव कादंबऱ्यांत अडकलेल्या माणसाला हा रस्ता फार सोयीचा. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू अशा केंद्रीय विद्यापीठांत जायचं असेल तर सीयूईटी-पीजी ही वेगळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

बीएला इंग्रजी मुख्य विषय होता त्यांची वाट सरळ असते. दुसऱ्या विषयातून येणाऱ्यांसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्याने दार किलकिलं केलंय: प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास विषय बदलता यावा, असं त्यात म्हटलंय. मात्र प्रत्येक विद्यापीठ हे कसं राबवतं ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच कळतं. फॉर्म भरायच्या आधी ते वाचा. शेजाऱ्याच्या मुलाला मागच्या वर्षी कसा प्रवेश मिळाला, ही माहिती ऐकून सोडून द्यायची.

वर्षांचं गणितही बदलतंय. तीन वर्षांची पदवी घेतली तर एमए दोन वर्षांचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाखाली चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर एमए एका वर्षात होऊ शकतं. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांनी २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांनी २०२४-२५ पासून नवी पदवी रचना घेतली. त्यामुळे चार वर्षं पुरी करून येणाऱ्या मुलांचा लोंढा अजून पुढे आहे, आणि तोवर बहुतेकांसाठी एमए म्हणजे दोन वर्षं.

राज्यातल्या विद्यापीठांत या दोन वर्षांत ८८ क्रेडिट जमवायचे असतात, दर सत्रात २२. एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांची शिकवणी, म्हणजे चार क्रेडिटचा एक पेपर साठेक तासांचा झाला. या ८८ मध्ये मुख्य विषयाचे ५४ आणि तुम्ही निवडलेल्या ऐच्छिक विषयांचे १६. उरले १८, आणि खरी नवलाई त्या अठरांत आहे. चार क्रेडिट संशोधन पद्धतीला, चार ऑन-जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टला, आणि दहा शोधप्रकल्पाला. तिसऱ्या सत्रात चार, चौथ्यात सहा. पहिल्या वर्षानंतर थांबायचं ठरवलं तर पदव्युत्तर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं.

ऑन-जॉब ट्रेनिंग ऐकून पालक हसतात. साहित्याचं कसलं ट्रेनिंग? पण मुंबईत याला तोटा नाही. प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची, मालिकांची सबटायटल्स करणाऱ्या कंपनीत बसायचं, एखाद्या संस्थेच्या जुन्या कागदपत्रांची सूची करायची, शाळेत वाचनाचे तास घ्यायचे. अशा कामातून पुढे नोकरी धरलेली मुलं मी पाहिलीत. कुठेतरी सही-शिक्का मारून आणलेलं प्रमाणपत्र दाखवून क्रेडिट मिळवणारीही पाहिलीत. त्यांचे चार क्रेडिट तेवढे झाले, दुसरं काही नाही.

मुख्य पेपरांत काय असतं? शेक्सपिअर आणि त्याच्या आगेमागेचं नाटक, सतराव्या शतकापासूनची कविता, एकोणिसाव्या शतकातली जाडजूड कादंबरी, अमेरिकन साहित्य, भारतीय इंग्रजी लेखन, वसाहतींतून आलेलं लेखन, अनुवादित साहित्य, भाषाविज्ञान. आणि ज्याच्या नुसत्या नावाने मुलांना घाम फुटतो ती थिअरी, म्हणजे साहित्याकडे कसं बघायचं याचे वेगवेगळे विचारव्यूह: मार्क्सवादी, स्त्रीवादी, संरचनावादी, उत्तर-वसाहतवादी वगैरे. थिअरीचा बाऊ गाइड-बुकं विकणाऱ्यांनी जास्त केलाय असं माझं मत आहे. मूळ लेखाची पंधरा पानं हळूहळू, दोनदा वाचली तर गाइडच्या दीडशे पानांपेक्षा जास्त कळतं. गाइड वाचून पेपर सुटतो, नाही असं नाही. पण पुढे शोधप्रकल्पात स्वतःचं वाक्य लिहायची वेळ येते तेव्हा गाइड कामाला येत नाही.

आणि एक आकडा मनावर कोरून ठेवा: ५५. हा एमएमध्ये शिरतानाचा नव्हे, बाहेर पडतानाचा. एमएला ५५ टक्के, म्हणजे तेवढ्याच्या तोडीची श्रेणी, असतील तरच एमएच्या बळावर नेट-सेटसाठी (कॉलेजात शिकवण्याच्या पात्रता परीक्षा) पात्र ठरता येतं, सहायक प्राध्यापक होता येतं, पीएचडीचं दार उघडतं. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. नेटच्या नियमांत हे टक्के पूर्णांकात न वळवता धरायचे, असं स्पष्ट म्हटलेलं असतं. ५४.९ म्हणजे ५५ नव्हे. पहिल्या सत्रात "बघू पुढे" म्हणून सोडलेला एखादा अंतर्गत मूल्यमापनाचा निबंध दोन वर्षांनी असा अंगाशी येतो. ज्युनिअर कॉलेजात शिकवायचं असेल तर नेटची गरज नाही, पण एमएसोबत बीएड लागतं.

आता शोधप्रकल्प. ८८ पैकी दहाच क्रेडिट, पण माझ्या मते अख्ख्या एमएचा जीव त्यात आहे. तोवर विद्यार्थी दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहीत असतो. इथे प्रश्नही त्यालाच काढायचा असतो, आणि पंधरा वर्षं उत्तरं लिहून घट्ट झालेल्या हाताला ते जमत नाही.

एक नमुना बघू. विद्यार्थी विषय आणतो: 'भारतीय इंग्रजी कवितेतील मुंबईचे चित्रण'. ऐकायला छान, करायला अशक्य. कुठले कवी? किती वर्षांचा काळ? चित्रण म्हणजे काय काय? यावर माणूस आयुष्य काढेल, आणि शेवटी हाती येईल 'मुंबई गजबजलेली आहे' एवढाच निष्कर्ष. मग कातरी चालवायची. एकच कवी घेऊ: अरुण कोलटकर. एकच संग्रह: 'काळा घोडा पोएम्स', २००४. त्यातही रस्त्यावरच्या माणसांच्या न्याहारीची दीर्घ कविता, जिच्यात इडल्या येतात. आता प्रश्न असा होतो: फुटपाथवरच्या माणसांचं खाणं दाखवताना कवी त्यांच्यात बसलेला वाटतो की समोरच्या हॉटेलच्या खिडकीतून बघणारा? कुठल्या ओळींत तो जवळ जातो, कुठल्या ओळींत मागे सरकतो? असा प्रश्न तीस-चाळीस पानांत मावतो, त्याला कवितेतूनच पुरावा देता येतो आणि वाचणारा वाद घालू शकतो. ज्यावर कोणी वाद घालू शकत नाही तो प्रकल्पाचा विषय होत नाही, हे मी मुलांना पहिल्याच भेटीत सांगतो.

मराठी मुलाला इथे आणखी एक पत्ता हातात असतो. कोलटकर दोन्ही भाषांत लिहीत. त्यांची मराठी कविता मुळातून वाचू शकणारा विद्यार्थी असं काही बघू शकतो जे फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला दिसणार नाही. तरी आमची मुलं इंग्रजी विभागात शिरताना मराठी बाहेर चपलांसारखी काढून ठेवतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

लिहिण्याची शिस्त हा वेगळा भाग. इंग्रजी साहित्यात बहुतेक ठिकाणी एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धतीने संदर्भ देतात; तिची नववी आवृत्ती २०२१ ची आहे. शेवटच्या यादीत वरचं पुस्तक असं येईल: कोलटकर, अरुण. काळा घोडा पोएम्स. प्रास प्रकाशन, २००४. आधी आडनाव, स्वल्पविराम, नाव, पूर्णविराम; पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरांत; मग प्रकाशक आणि साल. मजकुरात ओळ उद्धृत केली की कंसात आडनाव आणि पान क्रमांक. अर्ध्या तासात शिकण्यासारखी गोष्ट आहे. पण वाचतानाच पान क्रमांक टिपून ठेवला नाही तर शेवटच्या आठवड्यात तीच पुस्तकं पुन्हा शोधत ग्रंथालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. कलिन्याचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय, फोर्टातल्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय: या शहरात पुस्तक मिळत नाही असं म्हणायला फारशी जागा नाही.

उचलेगिरीचे नियम यूजीसीने २०१८ मध्ये कडक केले. संगणकाने तपासलेलं साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीसमध्ये गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं. चाळीस ते साठमध्ये गेलं तर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही, आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. हल्ली यात चॅटबॉटची भर पडलीय. तो संदर्भ देतो, लेखकाचं नाव देतो, पान क्रमांकही देतो, आणि शोधायला जावं तर ते पुस्तक पृथ्वीतलावर नसतं. परीक्षकाने यादीतला एक संदर्भ तपासला आणि तो खोटा निघाला की बाकीची तीस पानं तो कुठल्या नजरेने वाचेल, याचा विचार करा.

एमएनंतर नेट. ही परीक्षा एनटीए वर्षातून दोनदा घेते, जून आणि डिसेंबर सत्रांसाठी. तीन तासांत दोन्ही पेपर सलग. पहिला सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न. दुसरा विषयाचा, १०० प्रश्न. प्रत्येकी दोन गुण, एकूण ३००, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत: नाटक, कविता, कथा-कादंबरी, ललितेतर गद्य, भाषा आणि तिचं अध्यापन, भारतातली इंग्रजी, सांस्कृतिक अभ्यास, समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरची थिअरी आणि संशोधन पद्धती. प्रश्न मात्र बहुपर्यायी. चार पुस्तकं सालांच्या क्रमाने लावा, लेखक आणि ग्रंथ यांच्या जोड्या जुळवा, उताऱ्यावरून उत्तर द्या. म्हणजे एमए खोली मागतं आणि नेट पसारा. एकात हुशार असलेला दुसऱ्यात आपटू शकतो, आणि त्यात त्याची अक्कल काढण्यासारखं काही नाही. दोन्हीची तयारी निराळी करावी लागते, एवढंच.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन पायऱ्यांत लागतो. सगळ्यात वर जेआरएफ, म्हणजे फेलोशिपसुद्धा मिळते. मधली पायरी सहायक प्राध्यापकाची पात्रता आणि पीएचडी प्रवेश. खालची फक्त पीएचडी प्रवेश. जेआरएफची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं वेगळं. महाराष्ट्रात सेट ही परीक्षाही आहे. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि तिची पात्रता महाराष्ट्र-गोव्यापुरती. जेआरएफ नाही मिळालं तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या पीएचडी करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिरातींवर डोळा ठेवा, तारीख निघून गेली की हळहळण्यापलीकडे हाती काही राहत नाही.

पीएचडीचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे. त्यांनी एमफिल मोडीत काढलं. त्यामुळे 'आधी एमफिल करून बघ' हा काकांचा सल्ला आता विसरायचा. एमएला ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के, ही पात्रता. प्रवेश नेटवरून किंवा विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेतून. मुंबईत तिला पेट म्हणतात. लेखी परीक्षेला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. मुलाखतीत विचारतात ते तुमच्या विषयाबद्दल, आणि इथे एमएचा तो दहा क्रेडिटचा प्रकल्प पुन्हा कामाला येतो. ज्याने तो मन लावून केला त्याच्याकडे प्रस्तावाचा कच्चा खर्डा तयार असतो. विषय आधी कोणी केलाय का हे शोधगंगेवर बघून घ्या. देशभरचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. 'अमुक लेखिकेच्या कादंबऱ्यांतील स्त्रीप्रतिमा' या साच्याचे इतके सापडतील की तुम्ही आपसूक दुसरं काही शोधाल.

जागा किती, हे गाइडवर, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांवर, ठरतं. एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार, यापेक्षा जास्त पीएचडीचे विद्यार्थी ठेवता येत नाहीत. म्हणून परीक्षा पास होऊनही गाइड न मिळाल्याने ताटकळणारी मुलं दिसतात. गाइड निवडताना त्यांचं नाव किती मोठं आहे हे बघण्यापेक्षा त्यांनी शेवटचं काय लिहिलंय ते वाचा, आणि त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठून एकच प्रश्न विचारा: प्रकरण दिल्यावर ते किती दिवसांत वाचून परत देतात?

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क. त्यात संशोधन नीतिमत्तेचा भाग सक्तीचा आणि पुढे जायला ५५ टक्के हवेत. मग दर सत्रात सल्लागार समितीपुढे उभं राहून काय केलं ते सांगायचं. कालावधी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन, पण एकूण दहाच्या पुढे नाही. मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. नोकरदारांना अर्धवेळ पीएचडी करता येते, कार्यालयाचं ना-हरकत पत्र मात्र हवं. 'घरबसल्या ऑनलाइन पीएचडी' अशी जाहिरात दिसली तर मोबाइल बाजूला ठेवा. शोधनिबंध छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती २०२२ मध्ये गेली, विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणाऱ्या नियतकालिकांच्या वाटेला मात्र जाऊ नये. मुलाखत घेणारे ती नावं ओळखतात.

परदेशाचं थोडं. इंग्लंडमध्ये एमए एका वर्षाचं, शेवटी मोठा लघुप्रबंध. अमेरिकेत बरीच विद्यापीठं बीएनंतर थेट पीएचडीला घेतात. पाच-सहा वर्षं लागतात, त्या काळात शिकवायचं काम आणि विद्यावेतन मिळतं, आणि प्रबंधाच्या आधी वाचनयादीवर मोठी सर्वंकष परीक्षा असते. अर्जासाठी पूर्वी जीआरईची इंग्रजी साहित्याची खास परीक्षा असे, ती २०२१ मध्ये बंद झाली. आता वजन पडतं ते लेखनाच्या नमुन्यावर, म्हणजे तुमच्या पंधरा-वीस पानांच्या निबंधावर. तो कुठून आणणार? पुन्हा एमएचा प्रकल्पच. अमेरिकेत आणखी एक अट बऱ्याच ठिकाणी आहे: इंग्रजीखेरीज एक किंवा दोन भाषा वाचता आल्या पाहिजेत. तिथली मुलं त्यासाठी वर्षभर फ्रेंच, जर्मन घोकतात. कुठल्या भाषा चालतील हे तो विभाग आणि तुमचा विषय यावर ठरतं. दक्षिण आशियाई साहित्यावर काम करणाऱ्याने मराठी-हिंदीबद्दल जरूर विचारावं.

आपल्याकडे प्रबंध सादर झाला की तो गाइडखेरीज किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. त्यांचे अनुकूल अहवाल आले की व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. ती खुली असते: विभागातले शिक्षक, इतर संशोधक आणि विद्यार्थी येऊन बसू शकतात. एमएच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी सांगतो, कलिन्याच्या विभागात सूचनाफलकावर व्हायवाची नोटीस दिसली की तास बुडाला तरी चालेल, पण मागच्या बाकावर जाऊन बसा. परीक्षक "हा निष्कर्ष तुम्ही कुठल्या पानावरून काढलात?" असं विचारतो तेव्हा समोरचा उमेदवार पुस्तक उघडतो की घाम पुसतो, ते बघा. मग आपली वही घेऊन प्रकल्पाच्या विषयाला लागा, तिसऱ्या सत्राची वाट न बघता.